बंब की सोलर? आधी न्हाणी कुठे बांधताय ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजरा तालुक्यात गावी नवं घर बांधायला घेतलंय, काम जोत्यापर्यंत आलंय. आई-वडील धरून घरात सहा माणसं. आईंना न्हाणीत लाकडावर पाणी तापवणारा बंबच हवा, धाकटा भाऊ उन्हावर पाणी तापवणाऱ्या सोलरवर अडून बसलाय, आणि तुम्ही विचारताय की दोन्ही एकमेकांना जोडून एकच व्यवस्था करता येईल का. पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही, हेही तुम्ही लिहिलंय.

मी २४ वर्षं नळकाम करतोय, त्यातली १७ वर्षं सोलरचंही. घाटमाथ्यावरची घरं बऱ्यापैकी पाहिलीत. माझं उत्तर असं की दोन्ही ठेवा, पण पाइपने एकमेकांत गुंतवू नका. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही जोत्यावर असताना विचारलंत. लोक मला स्लॅब पडून, फरशी बसून, रंगाचे डबे आल्यावर बोलावतात. तेव्हा न्हाणी एका टोकाला, टाकी दुसऱ्या टोकाला आणि सोलरला जागा उरलेली असते ती फणसाच्या सावलीत. मग कितीही महागडा सोलर आणला तरी सकाळी तोटीतून गार पाणीच येतं आणि दोष सोलरला मिळतो.

तेव्हा गवंड्याला आधी हे सांगा. घर कौलारू असलं तरी न्हाणीवर स्लॅब टाका. त्याच स्लॅबवर सोलर बसेल. त्याच न्हाणीच्या परड्याकडच्या, म्हणजे मागच्या अंगणाकडच्या, भिंतीला बाहेरून बंबाचा कट्टा येईल. तिन्ही गोष्टी एका उभ्या रेषेत आल्या की निम्मं काम तिथंच झालं. का, ते पाइपाच्या हिशेबावरून कळेल. पाऊण इंची पाइप ६० फूट लांब असेल तर त्याच्या पोटात साडेचार-पाच लिटर पाणी मावतं. रात्रभरात ते गार होतं. सकाळी पहिला माणूस ते ओतून देतो, अर्ध्या तासाने दुसरा येतो तोवर पाइप पुन्हा निवलेला असतो. सहा माणसांत मिळून बादली-सव्वा बादली तापवलेलं पाणी रोज मोरीत जातं. न्हाणी सोलरच्या बरोबर खाली असेल तर हेच पाणी एखादा तांब्या भरतं.

आता किती उष्णता लागते ते बघू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, आणि विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. बादलीने आंघोळ करणाऱ्या माणसाला साधारण ३० लिटर पाणी लागतं, आणि अंगावर घ्यायला ४० अंश पुरेसे आहेत. थंडीत तुमच्या टाकीतलं पाणी २० अंश धरा. सहा जणांचं १८० लिटर पाणी २० अंशांनी वर न्यायचं म्हणजे ३,६०० किलोकॅलरी, विजेच्या भाषेत सव्वाचार युनिट. रोज. घरातला फ्रिज, पंखे आणि दिवे मिळूनही बऱ्याच घरांत इतकं होत नाही.

हेच लाकडावर मोजा. उन्हात नीट वाळलेल्या लाकडाच्या किलोत साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. पण ती सगळी पाण्याला मिळत नाहीत. तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवला तर दहा-पंधरा टक्केच पाण्यात उतरतात, बाकी परडं तापतं. म्हणजे आंघोळीलाच रोज आठेक किलो लाकूड. बंबाचं तसं नाही. मधल्या नळ्यात जाळ आणि त्याच्या चारी बाजूंनी पाणी, त्यामुळे जाळ पाण्याला लागूनच वर जातो. माझ्या अंदाजाने चांगला बंब ३५-४० टक्के तरी काढून घेतो, आणि तुमचं काम पावणेतीन-तीन किलोंत होतं. आपल्याकडची वैलाची चूलही याच हुशारीतून आलेली. पहिल्या तोंडावरून वाया जाणारा जाळ दुसऱ्या तोंडाखाली वापरायचा. पुढे १९८३-८४ पासून सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला तेव्हा मुख्य गोष्टी दोनच होत्या: जाळ बंदिस्त करा आणि धूर नळीने बाहेर काढा. आमच्या गावात त्या चुलींची धुराडी पुढची कित्येक वर्षं भिंतीवर उभी होती, आतून काजळीने गच्च बुजलेली. बंब घेतलात तर हे लक्षात असू द्या. मधला नळा पंधरा दिवसांतून एकदा काथ्याच्या ब्रशने झाडला नाही, तर काजळीचा थर पाण्याला जाळापासून अडवतो आणि लाकूड वाढत जातं.

बंब शक्यतो तांब्याचाच घ्या. पुण्याच्या तांबट आळीत अजून हाताने ठोकलेले मिळतात, आपल्या बाजूच्या भांडी बाजारांतही मिळतात, आणि भाव वजनावर असतो. पत्र्याचा स्वस्त पडतो, पण जाळाच्या नळ्याला गंज धरला की तीन-चार वर्षांत ठिबकायला लागतो. तांब्याचा वाया जातो तो एकाच चुकीने: आत पाणी आहे की नाही हे न बघता जाळ केला तर. सांध्यांचा डाख सुटतो आणि सगळं पाणी विस्तवावर. त्यामुळे क्रम ठरलेला. आधी पाणी, मग काडी.

लाकडाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण पावसाळ्यात सगळे इथंच फसतात. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास अर्धं वजन पाण्याचं असतं. ते पाणी उडवायलाच जाळ खर्च होतो आणि किलोमागे उष्णता निम्म्यावर येते. वर धूर, वर काजळी. जूनमध्ये शेजाऱ्याकडून ओलं लाकूड आणून बंबाला शिव्या देणारी माणसं मी दर वर्षी बघतो. शिमग्याच्या आसपास तोडा, मनगटाएवढ्या जाडीचं फोडा, उन्हाळाभर वाळू द्या आणि मृग लागायच्या आत छपराखाली घ्या. बंबाच्या कट्ट्यावर पत्र्याचं छप्पर टाकणारच आहात, ते तीन फूट लांबवा. बाभूळ, आकेशिया, काजूच्या छाटणीचं लाकूड, काहीही चालतं. एकच गोष्ट टाळा. तुमच्या भागात काजूचे कारखाने आहेत, तिथली टरफलं पोत्याने स्वस्तात मिळतात आणि रॉकेल ओतल्यासारखी पेटतात. त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि छातीला फार वाईट, अंगाला लागलं तर कातडी सोलते, आणि बंबाच्या नळ्यात डांबरासारखा राप बसतो तो निघता निघत नाही.

आता सोलर. ६० अंशांचं ९० लिटर पाणी आणि २० अंशांचं ९० लिटर गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं १८० लिटर होतं. म्हणजे कागदावर सहा जणांना १०० लिटरचा सोलर पुरतो. पण थंडीत टाकी रोज ६० अंशांना पोचेलच असं नाही, रात्रीत पाच-सात अंश उतरतात आणि गणपतीला पाहुणे येतात. तुम्ही १५० लिटरचा घ्या. २०० नको. विकणारा २०० गळ्यात मारेल, पण उन्हाळ्यात त्या पाण्याचं करायचं काय? एप्रिलमध्ये १५० लिटरवालासुद्धा हात पोळेल इतकं तापवतो.

नळ्यांचा की सपाट पेटीचा, हा पुढचा प्रश्न. नळ्यांचा म्हणजे काचेच्या दुहेरी नळ्या, मध्ये निर्वात पोकळी. स्वस्त असतो, वाऱ्यात आणि पातळ ढगातही बऱ्यापैकी तापवतो. १५० लिटरला ५८ मिलिमीटर जाडीच्या, १,८०० लांबीच्या १५ नळ्या हव्यात. मोजून घ्या, कमी नळ्या लावून मोठी टाकी देणारे आहेत. टाकीचे लिटर नळ्यांतलं पाणी धरून सांगताहेत का, हेही विचारा, कारण १५ नळ्यांत मिळून चाळीसेक लिटर पाणी असतं. नळी चांगली की गेलेली हे ओळखायला खालचं टोक बघा. तिथं आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला की आतली पोकळी गेली, ती नळी बदला.

सपाट पेटी म्हणजे तांब्याच्या पट्ट्या-नळ्या आणि वर कडक काच. महाग पडते. बोअरच्या क्षारी पाण्यात तिच्या बारीक नळ्या तुंबतात, म्हणून चिकोडीकडे किंवा मराठवाड्यात साधी पेटी मी कुणाला सांगत नाही. तुमच्याकडे जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ असेल, ती भीती कमी. उलट तुमच्याकडे वानरं आहेत. वानरांची टोळी एकदा नळ्यांवरून उड्या मारत गेली की तीन-चार नळ्यांचा चुरा ठरलेला, आणि जवळ माड असेल तर विचारूच नका. पैशाची ओढ नसेल तर तुमच्या जागी मी सपाट पेटी घेईन. ओढ असेल तर नळ्यांचा घ्या आणि वर जाळीचा पिंजरा करा. जाळीने थोडं ऊन अडतं, ते सोसायचं.

तोंड दक्षिणेला, कल सुमारे ३० अंश. पण कलापेक्षा सावली महत्त्वाची. जागा मे महिन्यात ठरवू नका, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि सगळंच उन्हात दिसतं. डिसेंबरच्या शेवटी आजऱ्याच्या अक्षांशावर सूर्य दुपारी बाराला जेमतेम ५० अंश वर येतो. दक्षिणेला स्लॅबच्या वर ३० फूट उंच फणस असेल तर त्याची सावली दुपारी २५ फूट पडते आणि सकाळी नऊला ५० फूट. गरम पाणी हवंय ते थंडीतच, त्यामुळे सावली थंडीची मोजायची.

स्लॅबवर गवंडी हमखास चूक करतो ती गार पाण्याच्या टाकीच्या उंचीची. साध्या सोलरमध्ये पंप नसतो. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्याच्या वर हवा, तरच पाणी आपल्या वजनाने आत जातं. गवंडी दोन्ही एकाच पातळीवर ठेवून मोकळा होतो. मग सोलर अर्धाच भरतो, पाणी आणखी उतरलं की नळ्या कोरड्या तापतात आणि दुपारी कधीतरी पाणी चढलं की तडकन काच जाते. वीज नसल्यामुळे टाकी रिकामी राहिली तरी हेच होतं. असं झालं तर दिवसा पाणी सोडू नका. संध्याकाळी ऊन उतरल्यावर किंवा पहाटेच भरा. सोलरच्या टाकीवर हवेची उभी नळी असते, तिचं तोंड गार टाकीच्या काठापेक्षा उंच आणि कायम उघडं ठेवा. एका घरी त्या नळीत कुंभारमाशीने घर केलं होतं. खालून पाणी ओढलं गेलं, हवा आत जाईना, आणि स्टीलची टाकी पोट आत घेतल्यासारखी चेपली. गरम पाण्याला पाइप सीपीव्हीसीचाच, साधा पांढरा पीव्हीसी वाकतो.

आता तुमचा खरा प्रश्न, जोडणी. इंटरनेटवर सुंदर चित्रं असतात: शेगडीत तांब्याची गुंडाळी, तिथून पाइप वर सोलरच्या टाकीला, पाणी आपोआप फिरतंय. थंड देशांत हे होतं, पण तिथं त्याच्याबरोबर दाब सोडणारे व्हॉल्व्ह, तापून फुगलेलं पाणी सामावणारी टाकी आणि वर्षाला तपासणारा माणूस असतो. मी हे एकदा केलं होतं, सोलरच्या धंद्यातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, मोठ्या हौसेने. चुलीत लोखंडी पाइपाची गुंडाळी बसवली आणि दुरुस्तीला सोपं जावं म्हणून दोन्ही बाजूंना कॉक लावले. ते कॉक ही माझी अक्कल. दीड महिन्याने घरमालकाने टाकी धुवायला कॉक बंद केले आणि उघडायचे राहिले. संध्याकाळी चूल पेटली. एक लिटर पाण्याची वाफ व्हायची तर तिला सतराशे लिटर जागा लागते आणि त्या गुंडाळीला कुठेच वाट नव्हती. चुलीचा अर्धा भाग समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. घरातली माणसं नशिबाने अंगणात होती. त्या घरी मी नवी चूल घालून दिली, आणि विस्तवात बंद पाइप घालायचा नाही हे त्या दिवसापासून ठरवून टाकलं.

बंबाचं मोठेपण इथंच आहे. तो उघडा आहे. वरच्या नरसाळ्यातून एक तांब्या गार ओतला की वरचं एक तांब्या कढत पाणी तोटीतून बाहेर पडतं. दाब साठायला जागाच नाही. तेव्हा जोडणी अशी करा: सोलरच्या गरम पाइपाला न्हाणीत एक तोटी आणि भिंतीबाहेर बंबाच्या नरसाळ्यावर दुसरी. नरसाळं आणि तोटी यांत चार बोटं अंतर, चिकटवायचं नाही. ऊन चांगलं असलं की न्हाणीतल्या तोटीवर सगळ्यांच्या आंघोळी होतात, बंब गार. ढगाळ दिवशी सोलरचं पाणी ३२ अंशांपर्यंतच आलं, तर ते बंबात सोडा. २० वरून ४० ला जायचं होतं, त्यातले १२ अंश उन्हाने केलेले असतात, जाळाला आठच उरतात. बंबातून पाणी बाहेर येतं त्या तोंडाला मात्र कॉक लावायचा नाही. जे काही बंद-चालू करायचं ते आत जाणाऱ्या बाजूला.

जुलैत याचा काही उपयोग नाही हेही सांगून ठेवतो. आजऱ्याच्या जुलैत सोलर दोन-चार अंश देईल, तेवढेच. तिथं बंब आणि कोरडं लाकूड. दसरा-दिवाळीपासून मेअखेरपर्यंत सोलर एकटा खेचतो. नुसत्या बंबावर वर्षाला तुम्हाला हजार-अकराशे किलो लाकूड लागलं असतं, ते तीन-चारशेवर येईल. सोलरच्या टाकीत विजेची कांडी घालून घेऊ नका. रात्री चालू करून विसरायची ती वस्तू आहे, आणि तुमच्याकडे नेमकी पावसात वीज नसते.

भावाला एक सांगा. पंतप्रधान सूर्यघर योजनेतलं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान वीज तयार करणाऱ्या पॅनेलला आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरला नाही. दुकानदार दोन्हींना ‘सोलर’च म्हणतात आणि लोक कागद घेऊन हेलपाटे घालतात.

बंब न्हाणीच्या आत ठेवायचा हट्ट कुणी धरला तर ऐकू नका. दार लावलेल्या न्हाणीत धुमसणारा विस्तव म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, त्याला वास नसतो. माझ्या ओळखीच्या एका घरात सूनबाई न्हाणीत बेशुद्ध पडल्या, दार फोडून बाहेर काढलं म्हणून वाचल्या. त्यात धूर फारसा नव्हताच, नुसते निखारे होते. गॅसचा गिझर न्हाणीत असेल तर त्यालाही हेच लागू.

आईंचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. सोलरच्या पाण्याने अंग शेकत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात आणि पोरं हसतात. बंब नुसतं पाणी तापवत नाही, शेजारची भिंत आणि न्हाणीही ऊबदार करतो, आणि ओतायला कढत पाणी हाताशी असतं. घरात बाळंतीण असली किंवा दिवाळीच्या पहाटे सगळ्यांचं अभ्यंगस्नान एकदम असलं की सोलरचं पाणी चौथ्या माणसाला कोमट होतं. म्हणून बंबाची ती भिंत विटांची आणि आतून प्लास्टरची ठेवा, लाकडी दार किंवा वायरिंग तिच्यावर घेऊ नका.

कट्ट्याची उंची बंब विकत घेतल्यावरच ठरवा. प्रत्येक बंबाची तोटी वेगळ्या उंचीवर असते. भिंतीतून आत आल्यावर ती न्हाणीच्या फरशीपासून दोन फुटांवर यायला हवी, म्हणजे खाली घंगाळ बसतं आणि आईंना वाकून तांब्याने पाणी काढावं लागत नाही.